चार्जशीट, चार्जर आणि लाठीचार्ज : ‘चार्ज’ या शब्दात नेमकं भरलंय काय?

वर्तमानपत्राचं कुठलंही पान उघडा. वरच्या कोपऱ्यात कुणाविरुद्ध तरी चार्जशीट दाखल झालेली असते. तिच्याखाली एखाद्या मोर्चावरचा लाठीचार्ज. आतल्या पानावर महामार्गावरचं नवं चार्जिंग स्टेशन, शेजारी कुणा तहसीलदारांकडे दुसऱ्या तालुक्याचा अतिरिक्त चार्ज आणि ग्राहकांच्या पानावर हॉटेलच्या बिलातल्या सर्व्हिस चार्जची तक्रार. बातम्या पाच, अर्थ पाच, शब्द एकच. तो आपण इतका घरचा करून घेतला आहे, की ‘मोबाइल चार्जिंगला लाव’ म्हणताना तो बाहेरून आला आहे हे मनातही येत नाही.

गोंधळ मात्र होतो, आणि तो महागात पडतो. चार्जशीट आली की गावात माणूस गुन्हेगार ठरतो. लग्न जमत असेल तर मोडतं, नोकरी लागत असेल तर थांबते. बिलावर ‘चार्ज’ छापलेला दिसला की तो सरकारी कर असणार असं समजून लोक मुकाट्याने पैसे देतात. बॅटरीवरचा आकडा पाहून पॉवर बँक घेतात आणि विमानतळावर अडतात. या प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारला तर बरंच काही उलगडतं : भार कुणी टाकला, कुणावर टाकला आणि तो उतरवायचा अधिकार कुणाचा? हा प्रश्न या शब्दाच्या जन्मातूनच आला आहे.

गाडी भरणे

आज जिथे फ्रान्स आहे त्या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी गॉल लोक राहत. त्यांच्या मालवाहू गाडीचं नाव रोमन लोकांनी उचललं आणि लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ हा शब्द रुळला. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये ‘कार्रिकारे’ हे क्रियापद तयार झालं. अर्थ अगदी शेतातला : गाडीत माल भरणे, गाडी लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘चार्जिए’ झालं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांची रीघ लागली, तिच्यात हाही इंग्रजीत शिरला. फ्रेंचमध्ये पुढे ‘च’चा ‘श’ झाला, इंग्रजीने जुना ‘च’ तसाच ठेवला, आणि तोच आपल्याकडे आला.

तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणजे ओझं. एवढंच. बाकीचे सगळे अर्थ या ओझ्याला फुटलेल्या फांद्या आहेत. त्याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत : कार, कॅरी, कॅरेज, आणि स्पॅनिशमधून आलेलं कार्गो. ‘कॅरिकेचर’सुद्धा याच घरातलं. इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे लादणे. व्यंगचित्रकार चेहऱ्यावर जास्तीचं काहीतरी लादतो, नाक वाढवतो, हनुवटी ताणतो, म्हणून ते नाव. ‘कार्ट’ हा गाडीचाच शब्द मात्र या घरातला नाही. तो उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांतून आला. दिसायला सारखे शब्द सख्खे असतीलच असं नाही.

मला सगळ्यात आनंद होतो तो आपल्या भाषेकडे पाहून. पद स्वीकारलं की ‘पदभार’, काम सांभाळलं की ‘कार्यभार’, घरचं-गावचं चालवलं की ‘कारभार’, करावर आणखी कर बसला की ‘अधिभार’, शाळेच्या विज्ञानात ‘विद्युत प्रभार’, वीजबिलावर ‘मंजूर भार’. सगळीकडे भारच. ‘आरोप’ या शब्दातही तेच आहे. ‘आ’ उपसर्ग आणि ‘रुह्’ धातू. आरोपण म्हणजे वर चढवणे, ठेवणे. ‘वृक्षारोपण’ मधलं आरोपण तेच. यांतले काही शब्द इंग्रजीला पर्याय म्हणून घडवले गेले, पण ‘कारभार’ आणि ‘आरोप’ जुने आहेत. दोन वेगळ्या भाषांना जबाबदारी आणि दोष या दोन्ही गोष्टी पाठीवरच्या ओझ्यासारख्याच वाटल्या.

साहेबांनी चार्ज घेतला

पहिली फांदी जबाबदारीची. सरकारी कचेरीत ‘चार्ज देणे-घेणे’ हा शब्द रोजचा आहे, आणि तिथे भार डोळ्यांना दिसतो. ग्रामसेवकाची बदली झाली की येणारा आणि जाणारा समोरासमोर बसतात. रोकड वही, बँकेची पासबुकं, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं, कर आकारणीची नोंदवही, जडवस्तू नोंदवही, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या अशी एकेक वस्तू यादीशी ताडून हातात दिली जाते. शेवटी यादीवर दोघांच्या सह्या. ही चार्ज यादी म्हणजे गाडीतला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नीट मोजून घालणंच आहे. एखादं पावतीपुस्तक यादीत नसेल तर पुढे त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे त्या सह्यांवर ठरतं. म्हणून अनुभवी कर्मचारी नव्या माणसाला सांगतात, ‘चार्ज घाईत घेऊ नका.’

‘अतिरिक्त चार्ज’ म्हणजे स्वतःचं पद सांभाळून दुसऱ्या रिकाम्या पदाचंही काम पाहणं. त्या माणसाची बढती झालेली नसते. दाखल्यासाठी हेलपाटे मारणाऱ्याने हे लक्षात ठेवलं तर उपयोग होतो : अधिकारी कुठल्या वारी कुठल्या कार्यालयात बसतात हे आधी विचारून जावं.

दोन देशांचे संबंध ताणले की बातम्यांत येणारा ‘शार्जे दाफेर’ हा फ्रेंच शब्दही याच फांदीवरचा. शब्दशः, कामकाजाचा भार ज्याच्यावर आहे तो. ऑगस्ट २०१९ नंतर भारत आणि पाकिस्तान यांच्या एकमेकांकडच्या उच्चायोगांचे प्रमुख उच्चायुक्त नसून असे प्रभारी अधिकारी आहेत. दार बंद केलेलं नाही, पण मानाचा माणूसही पाठवलेला नाही, असा त्याचा राजनैतिक अर्थ.

चार्जशीट म्हणजे शिक्षा नव्हे

आता सगळ्यात नाजूक अर्थ. इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण इथल्या गैरसमजाने माणसं आयुष्यातून उठतात.

फौजदारी प्रकरणात माणसावर भार तीन टप्प्यांत येतो, आणि प्रत्येक टप्प्यावर तो टाकणारा वेगळा असतो. पहिला टप्पा एफआयआर. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात असा गुन्हा, घडल्याचं कुणीतरी पोलिसांना सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. ‘गुन्हा दाखल’ हे शब्द ऐकायला जड वाटतात, पण तपास अजून व्हायचा असतो.

दुसरा टप्पा चार्जशीटचा, मराठीत दोषारोपपत्राचा. तपास संपला की पोलीस न्यायालयाला अहवाल देतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १९३ मध्ये आहे. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १७३ होतं. खटला चालवण्याइतका पुरावा मिळाला असं पोलिसांना वाटलं तर त्या अहवालाला चार्जशीट म्हणतात. तसं वाटलं नाही तर महाराष्ट्रात ‘समरी’ अहवाल जातो. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘ए’ समरी, तक्रार जाणूनबुजून खोटी केलेली निघाली तर ‘बी’, आणि गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी असलेल्या वादातून ती आली असेल तर ‘सी’. चार्जशीट हे असं पोलिसांचं मत आहे. न्यायालयाने त्यावर अजून काहीच ठरवलेलं नसतं.

तिसरा टप्पा न्यायालयात. न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात. आरोपाला पुरेसा आधार दिसला तर ‘दोषारोप निश्चित’ करतात, म्हणजे कुठल्या कलमाखाली, कुठल्या कृत्याबद्दल खटला चालेल ते लेखी ठरवतात. ते आरोपीला वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ कायद्याच्या भाषेतला खरा चार्ज हा. किरकोळ गुन्ह्यांत हा सोपस्कार नसतो, पण गंभीर गुन्ह्यांत असतो. एवढं होऊनही गुन्हा सिद्ध झालेला नसतो, कारण साक्षीपुरावे इथून पुढे सुरू होतात. गाडी भरली गेली आहे, पण मालाचं वजन अजून काट्यावर व्हायचं आहे.

‘हजारो पानांची चार्जशीट आहे, म्हणजे काहीतरी असेलच ना?’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर ‘कदाचित’ असं आहे. पानांच्या संख्येवरून मात्र ते ठरत नाही. त्या पानांत पंचनामे असतात, साक्षीदारांचे जबाब असतात, फोनच्या नोंदी आणि बँकांचे उतारे असतात. एका खात्याचा उताराच कित्येक पानं खातो. शिवाय पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, आणि तो जबाब हाच पुरावा म्हणून सरसकट वापरताही येत नाही. साक्षीदाराला न्यायालयात येऊन शपथेवर सांगावं लागतं, उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. तिथे टिकेल तो पुरावा.

दुसरी शंकाही लोक नेहमी बोलून दाखवतात : ‘चार्जशीट वेळेत आली नाही म्हणून जामीन झाला, म्हणजे केस पोकळ होती.’ तसं नाही. आरोपी कोठडीत असताना, फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून अधिक कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत चार्जशीट आली नाही, तर जामिनाची तयारी दाखवणाऱ्या आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत वेगळी आहे. तपास पुरा न करता माणसाला बेमुदत डांबून ठेवता येऊ नये, यासाठी ही तरतूद आहे. तिचा संबंध पोलिसांच्या वेळेशी आहे, पुराव्याच्या खरेखोटेपणाशी नाही. चार्जशीट नंतर येऊ शकते, खटला चालू शकतो, शिक्षाही होऊ शकते.

सरकारी नोकरीत विभागीय चौकशीच्या आधी मिळणाऱ्या कागदालाही लोक चार्जशीटच म्हणतात. तिथे भार टाकणारी नोकरी देणारी यंत्रणा असते आणि प्रश्न शिस्तीचा असतो. त्या कागदाने कुणी तुरुंगात जात नाही. गावात बातमी पसरताना हा फरक हमखास गळतो.

बिलावरचा चार्ज आणि सरकारचा कर

पाठीवरचं ओझं पैशांचंही असतं. म्हणून ‘चार्ज’ म्हणजे आकार, किंमत, शुल्क. इथे एक रेघ स्पष्ट ओढून घ्यायला हवी. कर बसवायला कायदा लागतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो, की कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कुठलाही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. ‘चार्ज’ या शब्दाला मात्र तशी कसलीच राखण नाही. तो दुकानदारही लावू शकतो, बँकही, शासनही. त्यामुळे बिलावर हा शब्द दिसला की विचारायचं : हे पैसे कुणाच्या खिशात जाणार?

हॉटेलचा सर्व्हिस चार्ज हॉटेलवाल्याकडे जातो. तो जीएसटी नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं, की हॉटेलांनी तो बिलात आपोआप जोडू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये आणि ग्राहकावर सक्ती करू नये. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात या सूचना योग्य ठरवल्या. वेटरला खुशीने काही द्यायचं असेल तर जरूर द्यावं, ती चांगलीच गोष्ट आहे. पण बिलात छापून आलेली रक्कम काढायला सांगणं यात कमीपणा नाही. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

वीजबिलावर दोन्ही प्रकार एकाखाली एक पाहायला मिळतात. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. हे सगळे ‘चार्ज’ आहेत, म्हणजे वीज पुरवण्याचा मोबदला. त्यानंतर येणारं ‘वीज शुल्क’ मात्र राज्य सरकारचा कर आहे. ‘दोन महिने घराला कुलूप होतं, तरी बिल आलंच कसं?’ ही तक्रार जागोजागी ऐकू येते. त्याचं उत्तर स्थिर आकारात आहे. तुम्ही युनिट जाळा न जाळा, तुमच्या नावचा भार कधीही उचलता यावा म्हणून तारा, रोहित्रं आणि माणसं सज्ज ठेवावी लागतात. त्याचा हा वाटा.

बंदुकीतून बाटलीत

आता हा शब्द युद्धावर निघतो. गाडी भरतात तशी सोळाव्या शतकात इंग्रजीत बंदूकही ‘चार्ज’ होऊ लागली : नळीत दारू आणि गोळी ठासायची. याच शतकात तुटून पडण्याचा अर्थही रुळला. घोडेस्वार भाला रोखतो आणि स्वतःचा, घोड्याचा सगळा भार समोरच्या फळीवर घालतो, तो ‘चार्ज’. आपल्याकडे या इंग्रजी शब्दाला देशी लाठी जोडली गेली आणि ‘लाठीचार्ज’ तयार झाला. लाला लजपतराय ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सायमन कमिशनविरुद्धच्या निदर्शनांत अशाच लाठीमारात जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला वारले.

बातम्यांत येणारा ‘सौम्य लाठीचार्ज’ हा शब्दप्रयोग मला खुपतो. ज्याच्या डोक्याला टाके पडले त्याला त्यातलं सौम्य काय ते सांगता येणार नाही. कायदा याबद्दल काय म्हणतो ते पाहिलेलं बरं. नव्या संहितेचं कलम १४८ म्हणतं, की बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यायचा. तो मानला नाही, किंवा मानणार नाही असं जमावाच्या वागण्यातून दिसलं, तर बळ वापरून पांगवता येतं. आदेश देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, किंवा तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला. म्हणून लाठीचार्जनंतर दोन प्रश्न विचारायचे असतात : आधी पांगायला सांगितलं होतं का, आणि आदेश कुणी दिला?

याच बंदुकीतून शब्द विज्ञानात गेला. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात ‘लायडन जार’ हे साधन सापडलं. काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा. घर्षणाने तयार होणारी वीज तिच्यात साठवता येई आणि हात लागला की एकदम सणसणीत झटका बसे. दारू ठासलेल्या बंदुकीची आठवण व्हावी असंच ते होतं. अमेरिकेत फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन या बरण्यांवर प्रयोग करत होता. बरणी भरली की ‘चार्ज’, झटका देऊन रिकामी झाली की ‘डिस्चार्ज’ हे शब्द त्याच्या लिखाणातून रुळले. त्याने अशा बऱ्याच बरण्या एकत्र जोडल्या आणि त्या रांगेला तोफांच्या रांगेचं नाव दिलं : ‘बॅटरी’. आज खिशात घेऊन फिरतो ती बॅटरी नावाने तोफखान्यातली आहे.

फोन चार्ज होतो तेव्हा आत काय भरतं?

बहुतेकांच्या मनात चित्र असतं, की तारेतून वीज येते आणि बॅटरीत साठते. फ्रँकलिनने १७४० च्या दशकातच या समजाला धक्का दिला होता. त्याने दाखवलं, की चार्ज केलेल्या बरणीत एकूण वीज आधीइतकीच असते. आतल्या बाजूला जितकी वाढते तितकीच बाहेरच्या बाजूला कमी होते. वाढतो तो असमतोल.

लिथियम-आयन बॅटरीतही एकूण हिशेब तसाच जुळलेला राहतो. तिच्यात दोन थर असतात. एकात लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड, दुसऱ्यात ग्राफाइट. चार्जर लावला की लिथियमचे आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, पहिल्या थरातून निघून ग्राफाइटच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात. त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून, चार्जरच्या रेट्याने, तिकडेच पोचतात. बाहेरून नवं काहीच आत येऊन राहत नाही, आतलंच इकडून तिकडे ढकललं जातं. वापरताना उलटा प्रवास. इलेक्ट्रॉन तारेतून परत जाताना तुमचा पडदा उजळतो, फोन वाजतो. म्हणूनच पूर्ण चार्ज झालेला फोन हाताला जराही जड लागत नाही. या बॅटरीच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन-तीन वर्षांनी बॅटरी ‘उतरते’ याचं मोठं कारण म्हणजे काही लिथियम प्रत्येक फेरीत नको त्या रासायनिक क्रियांत अडकून बसतं आणि प्रवासाला उपलब्ध राहत नाही.

आता आकडे. बॅटरीवर ‘५००० एमएएच’ लिहिलेलं असतं. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, आणि ते प्रभाराचं माप आहे. शाळेतल्या कूलोंब या एककात ते १८,००० होतं. पण काम किती होईल हे केवळ प्रभारावर ठरत नाही, तो किती दाबाने ढकलला जातो, म्हणजे व्होल्टेज किती, यावरही ठरतं. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-तास मिळतात. फोनच्या बॅटरीचं व्होल्टेज पावणेचारच्या आसपास असतं. म्हणजे ५ अँपिअर-तास गुणिले ३.८५ व्होल्ट, साधारण १९ वॉट-तास. वीजबिलावरचं एक युनिट १००० वॉट-तासांचं. चार्जरमधली गळती धरली तरी एका युनिटमध्ये असा फोन चाळीसेक वेळा भरतो. त्याउलट तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीची इलेक्ट्रिक स्कूटर एकदा भरायला तीन युनिटांहून थोडं जास्त लागतं. मुलांना रात्रभर फोन चार्जिंगला लावला म्हणून बिलावरून रागावण्यात अर्थ नाही. रागवायचं तर उशीखाली फोन ठेवून चार्ज करतात म्हणून रागवा, कारण तिथे उष्णता कोंडते.

विमानप्रवासात हाच हिशेब उपयोगी पडतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंतची सर्वसाधारणपणे विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॉट-तास. ती जाते. ३०,००० ची १११ होते. तिथे आधी विचारावं लागतं.

‘पण मूळ एक म्हणून अर्थही एकच, असं कसं?’

नसतोच. शब्दाचं मूळ हे त्याच्या आजच्या अर्थावरचं बंधन नाही. ‘चार्ज’ म्हणजे मुळात गाडी भरणं, म्हणून चार्जशीटचा अर्थ ठरवताना कुणी न्यायाधीश लॅटिन कोश उघडत नाही. तो संहिता उघडतो. मूळ कळल्याने एवढंच होतं, की विखुरलेले अर्थ लक्षात राहतात आणि योग्य प्रश्न सुचतो.

विज्ञानात तर ही गाडी एका जागी थांबतेच. बरणीवर किंवा बॅटरीवर प्रभार ‘टाकता’ येतो, पण इलेक्ट्रॉनवरचा प्रभार कुणी टाकलेला नाही आणि कुणाला उतरवता येत नाही. तो त्याचा अंगभूत गुण आहे. त्याला ऋण म्हणायचं हे माणसांनी ठरवलं, आणि त्यालाही फ्रँकलिनच कारण झाला. विजेचं आधिक्य म्हणजे धन आणि कमतरता म्हणजे ऋण असं त्याने मानलं. कुठल्या बाजूला आधिक्य आहे हे दिसायचं कुठलंच साधन तेव्हा नव्हतं, म्हणून त्याने एक बाजू धरली. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा कळलं, की तारेतून धावणारे कण ऋण बाजूकडून धन बाजूकडे जातात. तोवर दीडशे वर्षं गेली होती. म्हणून आजही पुस्तकात विद्युतधारेचा बाण एकीकडे आणि इलेक्ट्रॉनचा उलट दिशेला असतो. दहावीतला मुलगा इथे अडखळला तर चूक त्याची नाही.

डिस्चार्ज : भार उतरला, पण किती?

‘डिस’ हा उपसर्ग भार उतरवतो. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो तेव्हा रुग्णाची जबाबदारी दवाखान्याकडून घरच्यांकडे येते. आजार संपलाच असं नाही, म्हणून डिस्चार्ज कार्डावरची औषधं आणि पुढची तारीख महत्त्वाची. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात त्याला इंग्रजीत डिस्चार्जच म्हणतात, मराठीत विसर्ग. तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. म्हणजे ‘दहा हजार क्युसेक’ ऐकलं की सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटरहून जास्त पाणी, असा हिशेब नदीकाठच्या माणसाने मनात करावा.

न्यायालयातला डिस्चार्ज मात्र नीट समजून घ्यायला हवा. दोषारोप निश्चित होण्याआधी आरोपी अर्ज करून सांगू शकतो, की माझ्याविरुद्ध खटला चालवण्याइतकाही आधार नाही. न्यायालयाला पटलं तर ते त्याला सोडतं. सत्र खटल्यांत हे नव्या संहितेच्या कलम २५० खाली होतं, पोलीस अहवालावरच्या वॉरंट खटल्यांत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांच्या खटल्यांत, २६२ खाली. मराठी बातम्यांत याला ‘दोषमुक्त केलं’ म्हणतात. साक्षीपुरावे होऊन गुन्हा सिद्ध न झाल्यास होते ती ‘निर्दोष मुक्तता’, आणि ती वेगळी गोष्ट आहे. एकदा निर्दोष मुक्तता झाली आणि ती कायम राहिली, की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. दोषमुक्तीला हे संरक्षण नाही. कलम ३३७ च्या स्पष्टीकरणात तसं लिहिलेलंच आहे, की आरोपीला डिस्चार्ज करणं म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. पुढे नवा, भक्कम पुरावा हाती आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. आणि न्यायालयाने अर्ज फेटाळला तर त्याचा अर्थ एवढाच, की साक्षीपुरावे ऐकले जातील.